हृदयाच्या झडपेवरची 'साधी' गाठ आणि दिराला आलेला झटका

अबोली_मिरज

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिराला स्ट्रोक आला. वय ४४, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, सुपारीचंही व्यसन नाही, बीपी-शुगर नॉर्मल. हजेरी घेताना मुलांची नावं तोंडातून नीट येईनात, हातातला खडू पडला. मुलांना वाटलं सर गंमत करतायत. मुख्याध्यापकांनी मात्र तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि गाडीत घालून थेट हॉस्पिटल गाठलं. वाटेत फोनवर दोघातिघांनी "अंगावरून वारं गेलंय, आधी अमक्याकडे नेऊन तेल चोळून घ्या" असंही सुचवलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, याबद्दल आमचं अख्खं घर त्यांचं ऋणी आहे.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. उजवा हात लवकर सावरला, बोलणं मात्र अडकून राहिलं.

पुढचा प्रश्न : झटका आला कशामुळे? मानेतल्या धमन्यांचा डॉपलर स्वच्छ. होल्टर (ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र) लावलं, ठोके नियमित. छातीवरून केलेल्या टू-डी इकोचा रिपोर्ट नॉर्मल. बी-१२ कमी आणि होमोसिस्टिन हे रक्तातलं रसायन थोडं जास्त निघालं, मग काय, जो येईल तो त्याच्यावरच खापर फोडून जायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि "कारण सापडलं नाही" असा शेरा घेऊन घरी आलो.

नवऱ्याला ते काही पटेना. पुण्यात दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी फाइल शांतपणे चाळली आणि म्हणाले, तोंडातून नळी घालून करतात तो इको झालेला दिसत नाही. तो केला आणि एओर्टिक झडपेच्या (हृदयातून शरीरभर रक्त जातं त्या दारावरची झडप) एका पाकळीवर ९ मिमीची, प्रत्येक ठोक्याला हलणारी गाठ दिसली. ताप नव्हता, ब्लड कल्चरमध्ये काही वाढलं नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाची शक्यता मागे पडली. संशय पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमाचा. नाव पाठ व्हायलाच आम्हाला वेळ लागला.

घरात पहिला प्रश्न अर्थातच "कॅन्सर आहे का?" नाही म्हटल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर सर्जन म्हणाले, ओपन हार्ट करून काढावी लागेल. कॅन्सर नाही तर छाती कशाला उघडायची? आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद या एका मुद्द्यावर झाला. शेवटी ऑपरेशन झालं, गाठ निघाली, झडप शाबूत राहिली. बायॉप्सीतही तेच नाव आलं.

मराठीत याबद्दल शोधलं तर काहीच सापडेना, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

---

मेतकूट

बाप रे. दीर आता बरे आहेत ना?

एक शंका. गाठ झडपेवर चिकटलेली आहे, मग मेंदूत काय गेलं? गाठीचा तुकडा की रक्ताची गुठळी?

---

हृदयस्थ

दोन्ही शक्य आहे. मी रोज इको करतो त्यामुळे लिहितो, पण हे सर्वसाधारण लिहितोय, कुणाच्या रिपोर्टवरचं मत नाही.

या गाठीला बारीक बारीक झालरीसारखे तंतू असतात. ते नाजूक असतात, तुटून वाहत जाऊ शकतात. शिवाय त्यांच्या बेचक्यांत रक्त अडकून गुठळी धरते, मग ती सुटते. गुठळी असेल तर इंजेक्शनने विरघळते, गाठीचाच तुकडा असेल तर औषध त्याला काही करू शकत नाही. त्या क्षणी मेंदूत नक्की काय अडकलंय हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे उपचार वेळेत सुरू करणं हेच योग्य.

गाठ डाव्या बाजूला, म्हणजे एओर्टिक किंवा मायट्रल (डाव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेवर असेल तर सुटलेला तुकडा मेंदू, मूत्रपिंड, आतडी, पाय कुठेही जाऊ शकतो. एओर्टिक झडपेला आणखी एक धोका आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं तिच्या अगदी वरच असतात. लांब देठाची गाठ त्या तोंडावर जाऊन बसली तर धमन्या ठणठणीत असूनही हार्ट अटॅक येतो, क्वचित अचानक मृत्यूही. उजव्या बाजूची गाठ सहसा फुप्फुसाकडे जाते. पण सुमारे चारांतल्या एका माणसाला हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात जन्मापासूनचं बारीक भोक राहिलेलं असतं, त्यातून ती डावीकडेही येऊ शकते.

अबोलीताई, सासूबाईंना त्यांच्या शंकेचं उत्तर मिळालं असेलच. ही गाठ पसरत नाही, मांसात घुसत नाही, वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. तिचा सगळा धोका तिच्या जागेत आहे. हीच गाठ पाठीवर असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

---

चिंचगुळाची_आमटी

वाचतेय. पहिल्या इकोत दिसली कशी नाही? रागच आला वाचून.

---

हृदयस्थ

राग समजतो, पण प्रत्येक वेळी हलगर्जीपणा असेलच असं नाही. छातीवरून इको करताना आवाजाच्या लहरी बरगड्या, फुप्फुसं, चरबी यांतून वाट काढत जातात. अन्ननलिका मात्र हृदयाच्या अगदी मागे टेकलेली असते, त्यामुळे तिथून झडपा फार स्वच्छ दिसतात. क्लीव्हलंड क्लिनिकने २००१ मध्ये १६२ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली होती. त्यात छातीवरच्या इकोने साधारण ६२ टक्के गाठी पकडल्या आणि अन्ननलिकेतून केलेल्या इकोने ७७ टक्के. म्हणजे नळीवाला इकोसुद्धा शंभर टक्के नाही. बहुतेक गाठी १ सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात आणि झडप सेकंदाला एकदा तरी उघडझाप करत असते.

खरा मुद्दा पुढचा आहे. रिपोर्टवर नुसतं "नॉर्मल" लिहिलेलं असतं, कशासाठी पाहिलं ते नसतं. बीपीसाठी केलेला इको आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी विनाकारण आलेल्या झटक्याचं मूळ शोधायला केलेला इको या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. इको करणाऱ्याला "पेशंटला स्ट्रोक आलाय, कारण मिळत नाही" एवढं कळलं तरी डोळा वेगळ्या जागी जातो. फॉर्मवर ते लिहून आणा. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तुम्ही सांगा.

---

बाबूराव_सातारकर

सगळं ठीक आहे, पण हल्ली दिसलं की काप हेच चाललंय. रक्त पातळ करायची गोळी देऊन भागलं नसतं का? आमच्या आळीत एकाला अर्जुनसालीच्या काढ्याने हृदयाची गाठ विरघळली होती.

---

मेतकूट

बाबूराव, त्या आळीतल्या गृहस्थांचे आधीचे आणि नंतरचे इको इथे कोणी मागायच्या आत पळा.

---

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठी हाताळल्यात म्हणून बाबूरावांना उत्तर देते.

काका, ही गाठ कशाची असते ते पाहा. मध्ये कोलॅजन आणि इलॅस्टिन, वर हृदयाच्या आतल्या अस्तराच्याच पेशींचा एकेरी थर. आत रक्तवाहिन्या नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी नवी गुठळी धरायला अडवते, कोलॅजन वितळवत नाही. काढाही नाही. तुमच्या शेजाऱ्यांची गाठ खरोखरच गेली असेल तर बहुधा ती रक्ताची गुठळी होती.

आमच्याकडे डबीत येते तेव्हा ही वस्तू अगदी भिकार दिसते, ओल्या कापसाचा चिकट बोळा. पाण्यात सोडली की सगळे तंतू उलगडतात आणि हुबेहूब समुद्रफूल (सी अॅनिमोन, खडकाला चिकटलेला झालरीचा समुद्रजीव) दिसतं. पुस्तकांतही हीच उपमा आहे आणि एकदा पाहिल्यावर दुसरी सुचत नाही. नव्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम पाण्यात सोडून दाखवते.

थोडा इतिहास, कारण मला त्याची हौस आहे. झडपांच्या मिटण्याच्या रेषेवर वयोमानाने बारीक धाग्यांसारखे कोंब येतात, त्यांना लांबल्स एक्स्क्रेसन्सेस म्हणतात. विलेम लांबल या चेक डॉक्टरांनी १८५६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. जुलाब घडवणाऱ्या जिआर्डिया लांबलियाच्या नावातले लांबल ते हेच. माणसाची नजर दोन्ही टोकांना तेज होती! आज जिला पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा म्हणतो तिला आधी वेगवेगळी नावं होती, कुणी तर तिला राक्षसी लांबल कोंब म्हणायचं. आताचं नाव रूढ झालं ते १९७५ नंतर, चेटलिन आणि सहकाऱ्यांच्या लेखापासून. तो लेखही झडपेवरच्या अशा गाठीमुळे आलेल्या हार्ट अटॅकबद्दलच होता.

ही खरी गाठ की झडपेला झालेल्या इजेवरची नुसती प्रतिक्रिया, हा वाद जुना आहे. अलीकडे यातल्या काही गाठींत पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या केरास जनुकातला बदल सापडलाय, त्यामुळे निदान काही तरी खऱ्या गाठी असाव्यात असं पारडं झुकलंय. उपचारात त्याने काही फरक पडत नाही.

---

टोरांटोकर

माझ्या घरातला प्रश्न अबोलीताईंच्या उलट आहे. आईचं वय ७६, इथेच माझ्याकडे असते. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी इको केला, त्यात एओर्टिक झडपेवर ५-६ मिमीची गाठ "बहुधा फायब्रोइलॅस्टोमा" म्हणून निघाली. तिला काहीही त्रास नाही, कधी झटका नाही. कार्डिओलॉजिस्ट म्हणतात लक्ष ठेवू. सर्जन म्हणतात काढणं सोपं आहे, काढून टाकू. आई म्हणते, गुडघा करा आणि मला घरी सोडा.

मी थोडं वाचलं. २००३ मध्ये तोवरच्या ७२५ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात मृत्यू किंवा तुकडा सुटणं याचा स्वतंत्र अंदाज देणारी एकच गोष्ट निघाली : गाठ हलते की नाही. आकार नाही. मग सगळे डॉक्टर मिलिमीटर का मोजत बसतात?

दुसरा अभ्यास मेयो क्लिनिकचा, २०१५ चा, ५११ रुग्णांचा. ज्यांची गाठ काढली नाही त्यांच्यात पहिल्या वर्षात ६ टक्के आणि पाच वर्षांत १३ टक्के लोकांना स्ट्रोक. तो आकडा वाचल्यापासून झोप उडालीय.

---

हृदयस्थ

चांगले प्रश्न, सावकाश लिहितो.

त्या १३ टक्क्यांकडे बघताना एक ध्यानात ठेवा. ज्यांची गाठ काढली नाही ते सगळे "लहान गाठ, तब्येत उत्तम" असे नव्हते. अशा गटात बरेच जण वयस्कर, इतर आजारांचे, ऑपरेशन झेपणार नाही असे असतात. अशांना स्ट्रोक गाठीशिवायही जास्त येतात. आणि काढलेली नसल्यामुळे ती नक्की फायब्रोइलॅस्टोमाच होती की नाही, हेही इकोवरूनच ठरवलेलं. ऑपरेशन विरुद्ध वाट पाहणं अशी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी या आजारात झालेली नाही. इतक्या दुर्मिळ गोष्टीत ती करणंही अवघड. म्हणजे तो आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या आईचा आकडा नाही.

आकाराबद्दल. हलणारी गाठ धोक्याची हे खरं. पण साधारण १ सेंटीमीटरच्या पुढची गाठ बहुतेक वेळा हलतेच, म्हणून व्यवहारात दोन्ही पाहतात. ढोबळमानाने असं चालतं : डाव्या बाजूची गाठ आणि आधीच झटका किंवा तुकडा सुटल्याची खूण असेल तर काढा. डावी, हलणारी, मोठी असेल आणि माणूस ऑपरेशनला धडधाकट असेल तर त्रास नसला तरी काढायचा विचार करा. लहान, न हलणारी, त्रास नसलेली असेल तर ठरावीक काळाने इको. उजवीकडची बहुतेक वेळा सोडून देतात. दुसऱ्या कारणासाठी हृदय उघडायचंच असेल तर जाता जाता काढून टाकतात.

७६ व्या वर्षी ओपन हार्टलाच स्ट्रोकचा स्वतःचा धोका असतो, हे सर्जननी सांगितलं का? नसेल तर विचारा. माझं झुकतं माप कार्डिओलॉजिस्टकडे आहे, पण एका अटीवर : गाठ हलते का, देठ आहे का आणि कोरोनरीच्या तोंडापासून किती लांब आहे, हे नळीवाल्या इकोत नीट पाहून लिहिलेलं हवं.

---

सूक्ष्मदर्शी

मी थोडी असहमत. डॉक, "लक्ष ठेवू" म्हणजे नक्की काय दिसल्यावर काय करणार? पुष्कळदा पहिलं दिसणारं लक्षण स्ट्रोकच असतो. लहान गाठींनीही झटके दिलेत, असे नमुने माझ्या टेबलावर आलेत. ७६ वयाला मान्य. पण साठीच्या आतल्या, धडधाकट माणसाला मी वाट पाहायला सांगणार नाही.

---

हृदयस्थ

तुमच्या टेबलावर फक्त काढलेल्या गाठी येतात हो. न त्रास देता जन्मभर बसून राहिलेल्या माझ्याकडे येतात, किंवा कुणाकडेच येत नाहीत. साठीच्या आतल्यांबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

---

टोरांटोकर

दोघांचेही आभार. हे भांडण इथल्या दोन डॉक्टरांनी माझ्यासमोर केलं असतं तर किती बरं झालं असतं. कोरोनरीपासूनच्या अंतराचा प्रश्न लिहून घेतलाय.

---

शेवंता_डोंबिवली

माझ्या मावशीलाही हृदयात साधी गाठ होती, पण ती मिक्सोमा. दम लागायचा, ताप यायचा, वजन उतरलं, सांधे दुखायचे. आधी संधिवाताच्या तापाने झडप आकसलीय असंच सगळे धरून चालले होते. मिक्सोमा आणि हे एकच का?

---

हृदयस्थ

नाही, पण दोन्ही नेहमी शेजारी उभी केली जातात. मिक्सोमा बहुतांशी झडपेवर नसतो, डाव्या वरच्या कप्प्यात मधल्या पडद्याला देठाने लटकतो. चारांतले तीन तिथेच. चांगला मोठा होतो, मायट्रल झडपेत डोकावून रक्ताची वाट अडवतो, म्हणून झडप आकसल्यासारखी लक्षणं दिसतात. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आकसलेली मायट्रल झडप इतकी पाहायला मिळते की आधी तोच संशय येणं साहजिक आहे. ताप, वजन घटणं हे तो जी रसायनं रक्तात सोडतो त्यांच्यामुळे. फायब्रोइलॅस्टोमात असं काही होत नाही, तो पूर्ण मुका असतो. मिक्सोमाचेही तुकडे सुटून स्ट्रोक येतात. पहिला मिक्सोमा यशस्वीपणे काढला तो १९५४ मध्ये स्टॉकहोमला, क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी, हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) वापरून.

पूर्वी हृदयातल्या साध्या गाठींत मिक्सोमा पहिला आणि फायब्रोइलॅस्टोमा दुसरा असं शिकवत. इको सुधारला तशा या लहान गाठी इतक्या सापडू लागल्या की काही मोठ्या केंद्रांत आता फायब्रोइलॅस्टोमाच पुढे गेलाय.

---

मेतकूट

गाठच आहे, जंतुसंसर्गाचा दाणा किंवा गुठळी नाही, हे काढायच्या आधी कसं ठरवतात?

---

हृदयस्थ

पूर्ण खात्री बायॉप्सीनेच. आधी अंदाज बांधतो. जंतुसंसर्ग असेल तर ताप, वाढलेलं सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), कल्चरमध्ये जंतू, आणि झडप खराब होऊन गळायला लागलेली. फायब्रोइलॅस्टोमाखालची झडप बहुतेक वेळा छान चालत असते. दाणा सहसा पाकळीच्या कडेला, ही गाठ सहसा कडेपासून आत, लहानशा देठावर, आणि तिची कड थरथरताना दिसते. ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे आजार) असलेल्यांच्या झडपांवरही जंतूंशिवाय दाणे येतात, म्हणून तरुण रुग्णात त्या रक्ततपासण्याही करतात. गुठळीचा संशय असेल तर काही आठवडे रक्त पातळ करून पुन्हा पाहतात.

---

अबोली_मिरज

आमच्याकडे या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आता त्यांचा अर्थ लागतोय.

कुणी विचारलं नाही तरी ऑपरेशनबद्दल लिहिते. झटक्यानंतर लगेच केलं नाही, काही आठवडे थांबवलं. हार्ट-लंग मशीनवर घेताना हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरपूर द्यावं लागतं, मेंदूतल्या ताज्या जखमेत रक्तस्राव व्हायची भीती असते, असं सर्जननी समजावलं. मधले दिवस फार जड गेले. गाठ तिथेच आहे आणि आपण भाजी निवडत बसलोय, असं वाटायचं. गाठ झडपेवरून खरवडून काढली, पाकळी बदलावी लागली नाही, त्यामुळे धातूच्या झडपेसारखी जन्माची गोळी आणि आयएनआरचं (रक्त किती पातळ झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचं) चक्र मागे लागलं नाही.

बोलण्याबद्दल. "पाणी" म्हणता यायचं नाही, पण "सुखकर्ता दुखहर्ता" सलग म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे रडलो. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, हे बऱ्याच जणांत दिसतं, पाठ असलेलं आणि चालीतलं वेगळ्या वाटेने येतं, त्याचाच वापर करू. मग आरतीवरून पाढ्यांवर आलो. गणिताचा शिक्षक, पाढे लवकर आले. आता शाळेत रुजू झालाय, रागावला की शब्द अडकतो. मुलं म्हणे त्याचा फायदा घेतात.

---

चिंचगुळाची_आमटी

अबोली, :) आणि खर्च? सांगायचं नसेल तर राहू दे.

---

अबोली_मिरज

आकडा सांगत नाही, हॉस्पिटलागणिक फार फरक पडतो. ज्यांना परवडणार नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला आधी भेटावं. योजनेत हृदयाची ऑपरेशनं आहेत, पण मंजुरी ऑपरेशनआधी घ्यायची. आम्ही आधी दाखल झालो आणि नंतर कागद शोधत बसलो, तसं करू नका.

आणि डॉक, एक राहिलं. दिराची दाढ काढायची आहे. आधी अँटिबायोटिक लागेल का? आणि पुढे इको किती वेळा?

---

हृदयस्थ

दाताच्या कामाआधीचं अँटिबायोटिक मुख्यतः कृत्रिम झडप किंवा दुरुस्तीत बसवलेलं कृत्रिम साहित्य असेल, आधी झडपेला जंतुसंसर्ग झालेला असेल, किंवा काही जन्मजात दोष असतील तर देतात. नुसती खरवडून काढलेली स्वतःची झडप त्यात सहसा बसत नाही. पण आत काही शिवलं वा बसवलं का हे सर्जनना विचारून मगच दंतवैद्याकडे जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, दंतवैद्याला सांगा.

इको बहुतेक जण वर्षभराने करतात, पुढचं सर्जन ठरवतील. पुन्हा उगवणं फार क्वचित. मेयोच्या मालिकेत काढलेल्या १८५ पैकी ३ जणांत झालं होतं.

---

बाबूराव_सातारकर

अर्जुनसाल मागे घेतो. पण हे वाचून मी पण तो नळीचा इको करून घेऊ का? वय ६३.

---

हृदयस्थ

नाही. कधी झटका आलाय? काही मिनिटं हात लुळा पडणं, बोबडी वळणं? नसेल तर नळी गिळायचं काही कारण नाही. असल्या गाठीने स्ट्रोक येणं फार दुर्मिळ, काका. शेवटचं बीपी कधी मोजलंत?

---

बाबूराव_सातारकर

दिवाळीला. १६० च्या पुढे काहीतरी होतं. फराळामुळे असेल म्हणून सोडून दिलं.

---

हृदयस्थ

उद्या सकाळी मोजा आणि इथे नाही, तुमच्या डॉक्टरांना सांगा.

---

मेतकूट

बाबूराव, मी संध्याकाळी विचारणार आहे.